चरणजित सिंग

चरणजित सिंग (जन्म : इ.स. १९४०; मृत्यू : ५ जुलै, इ.स. २०१५, मुंबई) हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजवणारे भारतीय वादक होते. इलेक्ट्रिक गिटार, ट्रान्झिकॉर्ड आणि सिंथेसायझर ही त्यांची प्रमुख वाद्ये. इ.स. १९६० ते १९८० या दशकांत त्यांनी मुंबईतील ध्वनिमुद्रण-कक्षांत अनेक संगीतकारांच्या हाताखाली वादन केले, तसेच स्वतःचा वाद्यवृंदही चालवला. इ.स. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या ध्वनिमुद्रिकेमुळे त्यांचे नाव आज जगभर ओळखले जाते. या ध्वनिमुद्रिकेत हिंदुस्थानी संगीतातील दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर, केवळ इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या साहाय्याने वाजवलेले आहेत. प्रकाशनाच्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. सुमारे अठ्ठावीस वर्षांनी, इ.स. २०१० मध्ये, तिचे पुनर्प्रकाशन झाल्यावर मात्र पाश्चात्त्य देशांतील प्रायोगिक नृत्यसंगीताच्या रसिकांनी व डीजेंनी ती उचलून धरली. शिकागो शहरात उदयास आलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीत-प्रकाराशी तिचे आश्चर्यकारक साम्य असल्यामुळे सिंग यांना त्या प्रकाराचा आद्य प्रवर्तक म्हणावे काय, याविषयी चर्चा झाली.

वाद्यवृंदातील वादक

सिंग यांची कारकीर्द समजून घेण्यासाठी त्या काळातील मुंबईच्या चित्रपटसंगीताची कार्यपद्धती ध्यानात घ्यावी लागते. त्या काळी एका गीताच्या ध्वनिमुद्रणासाठी अनेक वादक एकाच वेळी एका दालनात बसत. संगीतकार चाल बांधी, संयोजक तिची वाद्यांत विभागणी करी आणि वादक समोर ठेवलेल्या स्वरलेखनावरून आपापला भाग वाजवीत. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार व गायक यांची नावे येत. वादकांची नावे क्वचितच छापली जात. त्यामुळे घरोघरी ऐकल्या गेलेल्या असंख्य सुरावटींचे प्रत्यक्ष वादक कोण, हे श्रोत्यांना कधी कळले नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने इ.स. २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बिहाइंड द कर्टन’ या ग्रंथात मुंबईच्या या पडद्याआडच्या वादकांचे जग प्रथमच सविस्तर नोंदवले.

सिंग हे याच जगातले. शंकर-जयकिशन, सचिन देव बर्मन, राहुल देव बर्मन आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा आघाडीच्या संगीतकारांसाठी त्यांनी वादन केले. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (इ.स. १९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गाजलेल्या गीतात मागे सतत घुमत राहणारा जो स्वर ऐकू येतो, तो सिंग यांनी ट्रान्झिकॉर्डवर वाजवलेला आहे. ट्रान्झिकॉर्ड हे इटलीतील फारफिसा कंपनीचे, अकॉर्डियनसारखे गळ्यात अडकवून वाजवायचे इलेक्ट्रॉनिक वाद्य होय.

नवी वाद्ये मिळवून ती आत्मसात करण्याची हौस हे सिंग यांचे वैशिष्ट्य होते. वाद्यवृंदात अशा वादकाला विशेष मागणी असे. कारण संगीतकाराला अनोखा नाद हवा असला की तो काढून देणारा माणूस हाताशी लागे. ध्वनिमुद्रणाबरोबरच ते स्वतःचा वाद्यवृंद घेऊन विवाहसमारंभांत व इतर कार्यक्रमांत चित्रपटगीते वाजवीत. लोकप्रिय चित्रपटगीतांच्या केवळ वाद्यांवर वाजवलेल्या सुरावटींच्या काही तबकड्याही त्यांच्या नावे निघाल्या. अशा तबकड्यांना त्या काळी चांगली मागणी होती. हॉटेलांत, समारंभांत आणि घरी पाहुणे आले असता त्या लावल्या जात.

भारतातील इलेक्ट्रॉनिक वाद्ये

सिंग यांच्या कामाआधी भारतात इलेक्ट्रॉनिक संगीत अगदीच अपरिचित होते असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इ.स. १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर असलेला ध्वनिकक्ष उभारला गेला होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात केर्सी लॉर्ड यांनी सिंथेसायझर रुळवण्यात मोठा वाटा उचलला. तथापि अहमदाबादचे प्रयोग संस्थेच्या भिंतींआड राहिले आणि चित्रपटगीतांत सिंथेसायझर हे इतर पन्नास वाद्यांपैकी एक म्हणून वापरले गेले. संपूर्ण तबकडी केवळ यंत्रांवर, तीही बाजारात विक्रीसाठी, काढण्याचा सिंग यांचा प्रयत्न या दोहोंहून वेगळा होता.

डिस्कोची पार्श्वभूमी

डिस्को हा नृत्यसंगीताचा प्रकार इ.स. १९७०च्या दशकात अमेरिकेत वाढला. प्रत्येक मात्रेवर पडणारा ढोलाचा समान ठोका हे त्याचे मुख्य लक्षण. त्याची लय साधारणतः मिनिटाला ११० ते १३० ठोक्यांची असते. या संगीताचे दोन प्रवाह होते. एक चित्रपट, नभोवाणी आणि मोठ्या कंपन्यांच्या तबकड्यांतून सर्वदूर पोहोचलेला, तर दुसरा न्यूयॉर्क व शिकागो येथील खाजगी वा कमी प्रसिद्ध नृत्यस्थळांत नांदणारा. या दुसऱ्या प्रवाहाला भूमिगत असे म्हटले जाई. तेथे येणाऱ्यांत कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाचे आणि समलिंगी लोक मोठ्या संख्येने असत.

भूमिगत नृत्यस्थळांचा विशेष असा, की तेथील डीजे विक्रीच्या याद्यांवर अवलंबून न राहता कोणत्याही देशातील, कोणत्याही प्रकारातील तबकडी शोधून काढीत. न्यूयॉर्कमध्ये इ.स. १९७० पासून आपल्या राहत्या जागेत ‘द लॉफ्ट’ हे नृत्यमेळावे भरवणारे डेव्हिड मॅनक्युसो यांनी कॅमेरूनचे मनू दिबांगो यांची ‘सोल मकोसा’ ही तबकडी अशीच लोकप्रिय केली. मुंबईत जन्मलेल्या आणि हिंदुस्थानी संगीताचे संस्कार घेऊन अमेरिकेत गेलेल्या गायिका आशा पुथली यांचे ‘स्पेस टॉक’ (इ.स. १९७६) हे गीतही ‘द लॉफ्ट’मध्ये आवडीने वाजवले जाई. रूढ डिस्कोच्या साच्यात न बसणारी गीतेच या ठिकाणी नर्तकांची विशेष आवडती ठरली. सिंग यांच्या तबकडीला पुढे जो श्रोतृवर्ग मिळाला, तो याच परंपरेचा वारसदार होता.

भारतात डिस्को पोहोचला तो पहिल्या प्रवाहातून. ‘कुर्बानी’ (इ.स. १९८०) या चित्रपटातील नाझिया हसन यांचे ‘आप जैसा कोई’ हे बिद्दू यांनी संगीतबद्ध केलेले गीत अफाट लोकप्रिय झाले. पाठोपाठ ‘डिस्को दीवाने’ (इ.स. १९८१) ही चित्रपटबाह्य ध्वनिमुद्रिका आणि इ.स. १९८२ च्या अखेरीस बप्पी लाहिरी यांचे संगीत असलेला ‘डिस्को डान्सर’ हा चित्रपट आला. विशेष म्हणजे अमेरिकेत या वेळेपर्यंत डिस्कोचा बहर ओसरला होता. तेथे १२ जुलै, इ.स. १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्यात आला होता. भारतात मात्र डिस्को हा शब्द नवेपणाचा पर्याय बनला होता आणि तबकडीच्या वेष्टनावर तो असणे विक्रीला उपकारक मानले जाई.

टेन रागाज टू अ डिस्को बीट

वाद्ये

जपानच्या रोलँड कंपनीची तीन वाद्ये या ध्वनिमुद्रिकेचा पाया आहेत. सिंग यांनी ती सिंगापूर येथे खरेदी केली होती.

पहिले वाद्य टीआर-८०८ हे ठेका देणारे यंत्र. ते इ.स. १९८० मध्ये बाजारात आले. त्यात खऱ्या ढोलताशांचे ध्वनी साठवलेले नव्हते. सर्व नाद विद्युतमंडलांतूनच निर्माण होत. त्यामुळे ते खऱ्या ढोलासारखे वाजत नाही अशी तक्रार त्या काळी होती.

दुसरे टीबी-३०३. ते इ.स. १९८१ च्या अखेरीस निघाले. तादाओ किकुमोतो यांनी त्याची रचना केली होती. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जातील साथ मिळावी, हा त्याचा हेतू. यंत्रात एका वेळी एकच स्वर वाजतो. सोळा पायऱ्यांच्या आकृतीत स्वर भरून ठेवले की ते यंत्र ती आकृती पुनःपुन्हा वाजवत राहते. एखाद्या स्वरावर आघात देण्याची आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात आहे. नादाचा तीव्र भाग गाळणारी कळ फिरवली, की तोच स्वर कधी दबका तर कधी चिरका ऐकू येतो. गिटारवादकांना हे यंत्र पसंत पडले नाही. सुमारे दहा हजार नग निघाल्यानंतर इ.स. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

तिसरे वाद्य ज्युपिटर-८ हा पट्ट्यांचा सिंथेसायझर. त्यावर एका वेळी आठ स्वर वाजवता येतात. रागाची मुख्य सुरावट सिंग यांनी या वाद्यावर वाजवली.

ही यंत्रे तारेने एकमेकांस जोडली, की एकाच लयीत सुरू होतात व चालतात. ठेका आणि खर्जाची आकृती यंत्रांकडे सोपवल्यामुळे वादकाचे दोन्ही हात सुरावटीसाठी मोकळे राहतात. वाद्यवृंदात अनेक माणसे जे काम वाटून घेत, ते येथे एकटा वादक करू शकला.

निर्मिती

चित्रपटांत डिस्कोची चलती असताना सिंग यांच्या मनात असा विचार आला, की त्या ठेक्यावर चित्रपटगीतांच्या चालींऐवजी राग वाजवून पाहावेत. तबल्याची साथ त्यांनी ठेवली नाही. पूर्वी केलेल्या तबकड्यांत त्यांनी इतरांच्या चाली वाजवल्या होत्या. येथे चाल, संयोजन व वादन या तिन्ही बाजू त्यांच्याच होत्या. ध्वनिमुद्रिका ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने एचएमव्ही या मुद्रेखाली इ.स. १९८२ मध्ये प्रसिद्ध केली.

रागांची योजना

ध्वनिमुद्रिकेत दहा तुकडे असून प्रत्येक सुमारे पाच मिनिटांचा आहे. त्यांची नावे रागांवरूनच दिलेली आहेत : भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. पहिल्या पाच रागांनी तबकडीची पहिली बाजू व उरलेल्या पाचांनी दुसरी बाजू व्यापली आहे.

 तबकडीची सुरुवात भैरव रागाने होते. या तुकड्याच्या आरंभी यंत्राने रूपांतरित केलेल्या मानवी आवाजात शिवाच्या पंचाक्षरी मंत्राचा जप ऐकू येतो. दुसऱ्या बाजूवर, मेघमल्हार हा वर्षा ऋतूतील राग झाल्यावर, सायंकाळचा यमन, रात्रीचा कलावती, उत्तररात्रीचा मालकंस आणि पहाटेचा बैरागी असा क्रम येतो. परंपरेने मानलेल्या रागसमयानुसार पाहता हा प्रवास दिवेलागणीपासून उजाडेपर्यंतचा, म्हणजे नृत्यस्थळाच्या एका रात्रीइतका आहे.

या दहांपैकी अनेक राग औडव, म्हणजे पाच स्वरांचे आहेत. भूपाळीत मध्यम व निषाद वर्ज्य, मालकंसात ऋषभ व पंचम वर्ज्य, कलावतीत ऋषभ व मध्यम वर्ज्य, तर बैरागीत गांधार व धैवत वर्ज्य. थोड्या स्वरांच्या आकृती सोळा पायऱ्यांच्या चौकटीत सहज बसतात आणि पुनरावृत्त होताना रागाची ओळख टिकवून ठेवतात. ललतातील दोन्ही मध्यमांचा निकट वापर किंवा तोडीतील कोमल ऋषभ, गांधार व धैवत आणि तीव्र मध्यम यांचे मिश्रण पाश्चात्त्य नृत्यसंगीतात अनोखे असल्यामुळे हे तुकडे तिकडील श्रोत्यांना विशेष विलक्षण वाटले.

संगीतदृष्ट्या विशेष

डिस्को आणि रागसंगीत यांचा मेळ वरकरणी विजोड दिसतो. तालाला सम व खाली असते, आवर्तन असते. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक मात्रा सारख्याच वजनाची. रागाचा विस्तार विलंबित लयीपासून हळूहळू होतो. येथे लय पहिल्यापासून जलद आहे व आलापाला अवकाश अल्प. पट्टीच्या वाद्यावर स्वर ठराविक अंतरावर बांधलेले असल्यामुळे श्रुतींचे सूक्ष्म भेद व तोडीसारख्या रागातील अतिकोमल स्वर त्यावर काढता येत नाहीत. या मर्यादांमुळे ध्वनिमुद्रिकेस शास्त्रोक्त रागवादन म्हणता येणार नाही.

तरीही दोन संगीतांत काही मूलभूत साधर्म्य आहे. हिंदुस्थानी संगीतात पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे स्वरसंवादांच्या बदलत्या मालिका नसतात. षड्ज अढळ राहतो आणि सुरावट त्याच्या संदर्भात फुलते. टीबी-३०३ हे एका वेळी एकच स्वर वाजवणारे व तीच आकृती घोळवत राहणारे यंत्र असल्याने ते तंबोऱ्याप्रमाणे स्थिर आधार पुरवते. स्वरावरून स्वरावर घसरण्याची त्याची सोय मिंडीच्या जवळ जाते. चित्रपटगीताच्या बदलत्या स्वरसंवादांना जे यंत्र अपुरे ठरले असते, ते रागाला अनुकूल ठरले. ट्रान्झिकॉर्डवर एक स्वर घुमवत ठेवण्याचे काम सिंग यांनी दहा वर्षांपूर्वीच केले होते, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रकाशनानंतर

ध्वनिमुद्रिकेला बाजारात यश लाभले नाही. रागसंगीताच्या रसिकांना यांत्रिक ठेका परका होता, तर डिस्कोच्या चाहत्यांना त्यात ओळखीचे गीत वा गायकाचा आवाज सापडत नव्हता. भारतात त्या वेळी केवळ तबकड्यांच्या आधारावर चालणारी, अनोळखी संगीत शोधून वाजवणारी नृत्यस्थळे जवळजवळ नव्हतीच. पंचतारांकित हॉटेलांतील डिस्कोथेकमध्ये परदेशी व चित्रपटांतील लोकप्रिय गीते वाजत. त्यामुळे ज्या प्रकारच्या श्रोत्याला ही तबकडी रुचली असती, तो तिच्या जन्मस्थानी उपलब्ध नव्हता. काही काळात ती बाजारातून नाहीशी झाली आणि सिंग पुन्हा आपल्या नेहमीच्या कामाकडे वळले.

पुढील काळात चित्रपटसंगीताची पद्धतच बदलली. ज्या यंत्रांवर सिंग यांनी हौसेने प्रयोग केला, त्यांच्याच पुढील पिढ्यांमुळे मोठ्या वाद्यवृंदांची गरज घटली आणि अनेक वादकांचे काम गेले.

शिकागो आणि अ‍ॅसिड हाउस

इकडे ही तबकडी विस्मृतीत जात असताना, तिच्याशी काहीही संबंध नसलेली एक घडामोड शिकागोमध्ये घडत होती. डिस्कोची लाट ओसरल्यावर तेथील ‘वेअरहाउस’ व ‘म्युझिक बॉक्स’ या नृत्यस्थळांत डीजे फ्रँकी नकल्स आणि रॉन हार्डी यांनी त्या संगीताला नवे, अधिक यांत्रिक वळण दिले. त्यातून ‘हाउस’ हा प्रकार जन्मला. उत्पादन थांबल्याने जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलेले टीबी-३०३ डीजे पिअर, अर्ल ‘स्पँकी’ स्मिथ आणि हर्ब जे या तरुणांच्या ‘फ्यूचर’ या गटाच्या हाती लागले. आकृती वाजत असतानाच यंत्राच्या कळा सतत फिरवत राहिल्याने निघणारा वळवळता, चिरका नाद त्यांना आवडला. त्यांनी केलेले ध्वनिमुद्रण हार्डी यांनी एकाच रात्रीत अनेकदा वाजवले. प्रथम नर्तकांनी मैदान सोडले, पण अखेरच्या खेपेस ते बेभान झाले, अशी आख्यायिका आहे. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या नावाने ती तबकडी इ.स. १९८७ मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केली. अ‍ॅसिड हाउस या प्रकाराला तिच्यापासून नाव मिळाले व पुढे तो ब्रिटनमध्ये प्रचंड लोकप्रिय झाला.

सिंग यांची ध्वनिमुद्रिका याच्या पाच वर्षे आधीची आहे. तिच्यात तेच यंत्र, तोच समान ठोका, तीच घोळवली जाणारी आकृती आणि नादाची तीच वळवळ आढळते.

पुनर्शोध

नेदरलँड्समधील संग्राहक एडो बाउमन यांना इ.स. २००२ मध्ये दिल्लीतील एका दुकानात या तबकडीची प्रत मिळाली. जुन्या हिंदी चित्रपटसंगीताच्या तबकड्या जमवणे हा त्यांचा छंद होता. तबकडी ऐकल्यावर तिच्या प्रकाशनवर्षाने ते चकित झाले. पुढे त्यांनी मुंबईत सिंग यांचा शोध घेतला व त्यांची भेट घेतली. बाउमन यांच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेने इ.स. २०१० मध्ये ध्वनिमुद्रिकेचे पुनर्प्रकाशन केले.

पुनर्प्रकाशनानंतर तिची चर्चा वृत्तपत्रांत व संगीतविषयक नियतकालिकांत झाली. हा कोणा आधुनिक संगीतकाराने जुन्या तबकडीच्या रूपात रचलेला बनाव असावा, असा संशयही काहींनी व्यक्त केला. मूळ एचएमव्ही तबकडीच्या प्रती आणि स्वतः सिंग यांचे कथन यांमुळे तो संशय दूर झाला. मूळ प्रतींना संग्राहकांत मोठी किंमत येऊ लागली.

प्रवर्तकत्वाचा प्रश्न

पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी सिंग यांना अ‍ॅसिड हाउसचे जनक असे संबोधले. हे विधान तपासून घ्यावे लागते. कालक्रमाने पाहता सिंग यांची ध्वनिमुद्रिका निश्चितच आधीची आहे. परंतु ती शिकागोपर्यंत पोहोचली होती किंवा तेथील कलाकारांनी ती ऐकली होती, असा कोणताही दुवा आढळलेला नाही. स्वतः सिंग यांनाही पुनर्प्रकाशनापूर्वी अ‍ॅसिड हाउस हा प्रकार ठाऊक नव्हता. शिवाय इ.स. १९८२-८३ या काळात टीबी-३०३ वापरणारे ते एकटेच नव्हते. स्कॉटलंडचा ‘ऑरेंज ज्यूस’ हा वाद्यवृंद आणि इटलीचे अलेक्झांडर रोबोटनिक यांच्या त्या काळातील गीतांतही ते ऐकू येते. अ‍ॅसिड हाउस ही केवळ नादाची नव्हे, तर विशिष्ट समाज, विशिष्ट नृत्यस्थळे आणि तेथील डीजे यांनी मिळून घडवलेली परंपरा आहे. तिचे श्रेय शिकागोच्या तरुणांकडेच जाते.

म्हणून येथे पितृत्वापेक्षा स्वतंत्र शोध हा शब्द अधिक यथार्थ ठरतो. ज्या यंत्राला त्याच्या निर्मात्यांनी ठरवलेल्या कामात अपयश आले, त्याचा निराळा उपयोग दोन दूरच्या शहरांत, पाच वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या वाटांनी सापडला. शिकागोतील तरुणांना तो कळांशी खेळताना गवसला, तर मुंबईतील वादकाला रागाच्या अंगाने. सिंग यांचे महत्त्व ते पहिले होते यापेक्षा, आपल्या परंपरेतील षड्जाचा आधार व स्वरांचे नियम यांच्या जोरावर त्यांनी नव्या यंत्राचा स्वभाव अचूक ओळखला, यात अधिक आहे.

अखेरची वर्षे

पुनर्प्रकाशनानंतर सत्तरीतील सिंग यांना परदेशांतून कार्यक्रमांची निमंत्रणे येऊ लागली. युरोपातील नृत्यस्थळांत व महोत्सवांत त्यांनी या ध्वनिमुद्रिकेतील रागांचे प्रत्यक्ष वादन केले. नेदरलँड्समधील वादक योहान्झ वेस्टरमन यांची साथ त्यांना लाभली. आयुष्यभर इतरांच्या गीतांत नाव न येता वाजवलेल्या वादकाला स्वतःच्या नावावर जमलेल्या तरुण श्रोत्यांसमोर उभे राहण्याची संधी अशी उतारवयात मिळाली. ५ जुलै, इ.स. २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर भारतातील व परदेशांतील वृत्तपत्रांनी त्यांच्यावर लेख प्रसिद्ध केले.

वारसा

सिंग यांच्या पुनर्शोधानंतर भारतातील जुन्या इलेक्ट्रॉनिक व चित्रपटबाह्य ध्वनिमुद्रिकांकडे संग्राहकांचे व अभ्यासकांचे लक्ष वळले. भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास लिहिताना त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचा उल्लेख आता अपरिहार्य मानला जातो. त्याचबरोबर वेष्टनावर नाव नसलेल्या वादकांच्या कामाची नोंद का राहत नाही, हा प्रश्नही त्यांच्या चरित्रामुळे पुढे आला. सिंग यांच्या नावावर एक तबकडी होती आणि तिची प्रत एका दुकानात शिल्लक राहिली, म्हणून त्यांचे कार्य प्रकाशात आले. त्यांच्यासोबत त्याच दालनांत बसणाऱ्या अनेक वादकांच्या वाट्याला अशी तबकडी आली नाही. त्यांचे वादन आजही ऐकले जाते, परंतु गीत वाजत असताना ते कोणाचे बोट आहे, हे सांगणारी नोंद बहुतेक ठिकाणी नाही.